बेंगळूरला घेतलेलं नाव

हे मोरीत पडले तेव्हा मी चहा गाळत होते. अंग ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मी धावत जाऊन दातांत चमचा घातला. डॉक्टर आले ते आधी माझ्यावरच ओरडले. असा चमचा घालून माणूस गुदमरतो म्हणाले.

मिरजेहून बेंगळूरला उतरून आम्हाला दोनच दिवस झाले होते. जावई विमानाच्या कारखान्यात, त्यांना क्वार्टर मिळालेलं. नातीला बघायला जातो असं गावात सांगितलं होतं. खरं म्हणजे गुत्ते मागे सुटावेत म्हणून मी यांना घेऊन निघाले. आमच्याकडे दारूबंदी होती आणि हे हातभट्टीची पीत होते. जातीचा लोहार, पण वर्षभर हातोडा उचलला नव्हता.

डॉक्टरांनी यांना आठ दिवस इस्पितळात ठेवलं. घरी सोडताना म्हणाले, "दारू एकदम तुटली म्हणून झटका आला. आता पुन्हा प्याले तर फार दिवस नाहीत." मग एक चिठ्ठी लिहून दिली. कंटोन्मेंटात (लष्कराच्या भागात) एका चर्चच्या मागे खोली आहे, तिथे दर बुधवारी संध्याकाळी दारू सोडलेली माणसं जमतात.

"औषध काय देतात?" मी विचारलं.

"औषध नाही. बोलतात."

मला ते पटलं नाही. पण दुसरं काही हातात नव्हतं.

बुधवारी जावयांची दुसरी पाळी होती आणि लेक बाळापाशी. म्हणून आम्ही दोघंच जटक्यात (छपराच्या घोडागाडीत) बसलो. गाडीवाल्याला चिठ्ठी वाचता येईना. शेजारणीने मला एक कानडी शब्द शिकवला होता, कुडुकरु, म्हणजे दारुडे. मी हातवारे करून सांगितलं, कुडुकरु जमतात तिथे ने.

"सरी, अम्मा," तो म्हणाला आणि निघाला. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना मोठाली झाडं, खाली फुलं पडलेली. चैत्र असून अंगाला घाम नाही. मी बघत बसले. गाडी थांबली ती दारूच्या दुकानापुढे.

त्याची चूक नव्हती. मी सांगितलं तिथेच त्याने आणलं. इथे दारूबंदी नाही हे मला ठाऊकच नव्हतं. दुकानाला पाटी होती, माणसं बाकांवर बसून उजेडात पीत होती. यांचा एक पाय गाडीच्या पायरीवर गेला. मी धोतराचा सोगा धरला.

"सोड."

"उतरलात तर मी याच गाडीने स्टेशनावर जाईन."

"लोक बघताहेत."

"बघू देत. मला इथे कोण ओळखतंय?"

पाय आत यायला बराच वेळ लागला. पुढे रस्त्यात एका पोस्टमनने चिठ्ठी वाचून गाडीवाल्याला वाट सांगितली.

खोलीत दहाबारा माणसं खुर्च्यांवर बसली होती. निम्मे साहेबी कपड्यातले, इंग्रजी बोलणारे. काळ्या टोपीतला एक पुढे आला.

"या अक्का, स्वल्प (जरा) आत बसा. मी गोविंदअण्णा. चामराजपेटेत शिंपीकाम करतो. चार वर्षं झाली, घेतली नाही. आमची मराठी घरातल्या घरातली, हसू नका."

"हसायला आले नाही," मी म्हटलं.

त्याने कॉफी आणून दिली. यांनी पेला दोन्ही हातांनी धरला तरी निम्मी सांडली. सगळ्यांनी पाहिलं. एकाने फडकं तेवढं दिलं.

एकेक जण उठून थोडं बोलून बसत होता. आमची पाळी आली. हे मान खाली घालून बसलेले. गोविंदअण्णा माझ्याकडे वळून म्हणाला, "आता नाव घ्यायला पाहिजे, अक्का."

मला संताप आला. या वयात, दारुड्यांच्या बैठकीत उखाणा? अडतीस वर्षांत यांचं नाव मी तीनदा घेतलं होतं, लग्नात आणि दोन बारशांना. पण हेच यांचं औषध असेल तर घेते म्हटलं. उभी राहिले. जुळणी काही सुचली नाही.

"यांचं नाव महादेव. हे दारुडे आहेत."

गोविंदअण्णाने कपाळाला हात लावला. "तुम्ही नव्हे हो अक्का! ज्याचं त्यानं घ्यायचं! बघा आमची मराठी!" त्याने इंग्रजीत सांगितल्यावर सगळी खोली हसली. मला वाटलं, आता हे उठून सरळ त्या दुकानात जाणार.

हे उठले. खुर्चीची पाठ धरली.

"हिने सांगितलं ते खरं आहे," म्हणाले. "मी महादेव."

पुढचा शब्द स्वतःच्या तोंडून यायला चौथा बुधवार उजाडला.

दोन महिने राहिलो. परत निघालो तेव्हा गोविंदअण्णा स्टेशनावर आला, पिशवीभर चक्कुल्या (चकल्या) घेऊन. पिशवी त्यानेच शिवलेली.

"आमच्या गावात बैठक नाही," मी म्हटलं.

"दोघं बसली की बैठक झाली, अक्का."

"मी कुठे पिते?"

"मग तुम्ही ऐका. ऐकायलाही कोणी लागतंच की."

मिरजेला शेजारणी विचारत, एवढ्या लांब जाऊन काय बघितलं? तिथली प्रसिद्ध बाग, लालबाग, तीही बघितली नव्हती. मी सांगे, एक खोली बघितली. दर बुधवारी चुलीपुढे आम्ही बसत होतो. हे म्हणत, मी महादेव, मी दारुडा. मी भाजी निवडत ऐकत असे. चुकला तो बुधवार दुसऱ्या दिवशी भरून काढला.

तिसऱ्या वर्षी चामराजपेटेहून पत्र आलं. गोविंदअण्णाच्या बायकोने लिहवून घेतलेलं. त्याने पुन्हा सुरू केली होती. ते पत्र हातात धरून हे बसले. तो बुधवार नव्हता, तरी बैठक केली.

गोविंदअण्णा वाचला नाही. महादेव वाचले.