दोनशे पासष्टचे पंच्याऐंशी

सेक्टर दोनमधलं क्वार्टर नवंकोरं होतं, भिंतींना अजून चुन्याचा वास. बाबा साकोलीकडच्या आमच्या गावाहून पहिल्यांदाच भिलाईला आले होते. निजायच्या आधी त्यांनी विचारलं, "आपलं गाव कोनीकडं हाय?" गावच्या माताईच्या देवळाकडे पाय करून आमच्यात कोणी झोपत नाही.

"पश्चिमेला. दोनशे पासष्ट अंश."

त्यांनी खाट फिरवली. "एवढा शिकला, खाट फिरवाच्या कामी आलं!"

घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. अभिमान तेव्हाही होता, आजही आहे. नागपुरात शिकताना मी एका क्लबात विमान चालवायला शिकत होतो. इथल्या पोलाद प्लांटच्या नोकरीमुळे ते अर्धवट सुटलं. एकट्यानं लांबचं उड्डाण तेवढं राहिलं होतं. ते मला करायचं होतं, पण बाबांच्या होकाराशिवाय नाही. त्याच रात्री विषय काढला.

"वरतं रस्ता तं नाई. वापस कसा येशीन?"

हा प्रश्न मला हवाच होता. "बाबा, जातानी होकायंत्राचा काटा दोनशे पासष्टवर, तं येतानी बरोबर उलटा. एकशेऐंशीचा हिशेब करत बसाले टाइम नसते. दोनशे काढाचे, वीस घालाचे. पंच्याऐंशी! झालं."

"आन् जातानीच पंच्याऐंशीवर गेला तं?"

"मंग दोनशे घालाचे, वीस काढाचे."

"आन् वाऱ्यानं ढकललं तं?"

"जातानी जेवढं डावीकडं दाबलं, येतानी तेवढंच उजवीकडं."

बाबांनी विडी पेटवली.

"हिशेब बराबर हाय तुया. पन गोंदियापावतर रूळ टाकून हायेत, वाऱ्याचं भेव नाई. तरी दोन पोळे झाले, तू आला का? येत्या पोळ्याले घरी ये. मंग उड खुशाल, मी आडवा येत नाई."

पोळ्याच्या सुमाराला नवी भट्टी पेटवायची धांदल होती. सुटी मागितली, मिळाली नाही. दिवाळीला जाईन म्हटलं. दिवाळीच्या आधीच बाबा गेले.

पुढे कधी जवळच्या नंदिनीच्या धावपट्टीवर उतरणारं विमान प्लांटवरून खाली येई, की हातातलं काम तसंच ठेवून मी मान वर करून उभा राही. तब्येत धड होती, क्लबवाले बोलावत होते. पण पोळ्याला कोणाकडे जाऊन होकार घ्यायचा? आणि त्याशिवाय उडायला मन झालं नाही.