झोपली की गेली, म्हणे

माझी धाकटी बहीण चार वर्षांची असताना वांग्यांनी भरलेल्या बैलबंडीवरून पडली. दर्यापूरच्या बाजाराला निघालो होतो. चाक दगडावर चढलं आणि ती मागच्या मागे खाली गेली. ती लगेच रडली. हे मायनं पाहिलं, मी पाहिलं. काका बैल हाकत होते, त्यांनी काहीच पाहिलं नाही.

घरी परतल्यावर मात्र सगळा कारभार काकांनी हाती घेतला. कानामागे लिंबाएवढं टेंगूळ आलं होतं. रडून थकलेल्या पोरीचे डोळे मिटू लागले, तर म्हणाले, झोपली की गेली. आणि दर वेळी गालावर चापट. ती दचके, रडे, एकदा ओकलीही. वडील अकोल्याला गेलेले. मोठ्या दिरापुढे माय बोलत नसे. मी नऊ वर्षांची, दात आवळून दाराशी उभी.

शेवटी मायनं पोरीला उचललं, मला सोबत घेतलं आणि सरकारी दवाखान्याची वाट धरली. लोक काय म्हणतील म्हणून काका मागे आले.

भिंतीवर इंग्रज बादशहाची तसबीर होती. तिच्याखाली बसलेल्या डॉक्टरांनी विचारलं, पडल्यावर रडली का, शुद्ध गेली का, किती वेळा ओकली. काका ठोकून देत होते, शुद्ध गेली, ओकली नाही. पदराआड माय नकाराची मान हलवत होती.

मी म्हणाले, "साहेब, याईले काही ठाऊक नाही. हे पायतच नोते. मायले विचारा."

काकांनी हात उगारला. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं.

मग माय बोलली, एकेक गोष्ट नीट. डॉक्टरांनी डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, पोरीला चालवलं, माझ्याकडे बोट दाखवून ही कोण विचारलं. टेंगळावर ओलं फडकं ठेवा आणि झोपू द्या, म्हणाले. मधून मधून उठवून ओळखते का पाहा. पुन्हा ओकली, झटके आले, उठेनाशी झाली तर तशीच घेऊन या. मग गालाकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे वळ पडल्याचे?"

"नाही," माय म्हणाली. "हे घरी झाले."

बहीण दोन दिवसांत खेळू लागली. आपण जागी ठेवली म्हणून वाचली, असं काकांनी गावभर सांगितलं. अकोल्याहून आलेल्या वडिलांनी ते खरं मानलं. मायला कोणी काही विचारलं नाही. मोठ्यांपुढे तोंड चालवलं म्हणून मला काकांच्या पाया पडायला लावलं. मी पडले. त्याचा राग अजून गेलेला नाही.