चिखलात रोवलेली स्ट्रॉबेरी

लग्न होऊन बालाघाटला आल्यावर एका मासिकात मी एका जर्मन रोपवाटिकावाल्याची गोष्ट वाचली. त्यानं जन्मभर स्ट्रॉबेरीच्या बिया पेरल्या, बहुतेक रोपं उपटून फेकली आणि उरलेल्यांतून नव्या जाती घडवल्या. मग काय, मीही अतिशहाणी! रोपं मागवली आणि धानाची रोवणी करावी तशी पाणी तुंबवून चिखलात लावली. आठवडाभरात सगळी सडली.

सासरे म्हणाले, "सूनबाई, आता तेथी वांगे लाव. तुह्या जर्मनाले बालाघाटचं ऊन मालूम हाये का?"

"त्याले नसंल मामाजी, मले हाये. जागा सोडत नाही मी."

तेव्हापासून दर हिवाळ्यात उंच वाफ्यावर मागवलेल्या बिया पेरते आणि उन्हाळ्यात मेलेली रोपं उपटते. गेल्या उन्हाळ्यात एक रोप तगलं. यंदा त्याला फळ आलं, बोराएवढं आणि आंबटढाण. मामाजी कधीच गेले. वांगी मी अजून बाजारातूनच आणते.