गिंकोचं सोनं

टोकियोतल्या ओजिमात आमचा पहिलाच दसरा जवळ आला होता आणि सोनं द्यायला आपट्याची पानं नव्हती. वादळी पावसानंतर रस्त्याकडेला गिंकोच्या झाडांची हिरवी पानं पडली होती. मधोमध चीर असलेली, आपट्याच्या नात्यातली वाटावीत अशी. मी पिशवीभर गोळा केली आणि शंभर येनच्या दुकानातून सोनेरी स्प्रेचा डबा आणला. घरात वास कोंडला असता, म्हणून इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पुठ्ठ्यावर पानं मांडून रंगवली. दारावर टांगायला पाइनची चार वाळकी फळंही रंगवली.

वर बघितलं तर आमच्या खालच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी गॅलरीत उभ्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्या नुसत्या बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये एक कागद लागला. त्यावर फोटो होता, सिमेंटवर उडालेल्या सोनेरी रंगाचा. रंग पुठ्ठ्याबाहेर गेल्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मुलीने वाचून दाखवलं, "हे कोणी केलं ते माहीत असेल तर इमारतीच्या ऑफिसला कळवा."

"अजून काय लिहिलंय?"

"एवढंच. आई, तू जाऊन सांग ना."

नवरा म्हणाला, "उगाच बोलू नकोस. घर कंपनीच्या नावावर आहे."

मग आठवडाभर मी जिन्यानेच ये-जा केली. आजींचं दार वाजलं की थबकायचे. त्या कोणाशी बोलताना दिसल्या की माझ्याबद्दलच असणार, असं वाटायचं.

कचऱ्याच्या दिवशी रिकामा डबा पारदर्शक पिशवीत घालून ठेवला आणि निघाले. छत्री विसरली म्हणून परत वळले, तर आजी माझी पिशवी उघडून डबा कानाशी हलवत होत्या. पुरावा गोळा करताहेत, मला वाटलं. मी सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"यात गॅस आहे अजून," त्या सावकाश, मला कळेल अशा जपानीत म्हणाल्या. "कचऱ्याच्या गाडीत पेट घेतो."

त्यांनी डब्याचं तोंड माझ्या पिशवीतल्या जुन्या वर्तमानपत्रात धरून आवाज थांबेपर्यंत दाबून ठेवलं. मी धीर करून विचारलं, "तो कागद तुमच्यामुळे लागला का?"

"हो. मीच फोन केला."

"मला बघितलं होतंत ना?"

"चष्म्याशिवाय वरून माणूस ओळखू येत नाही. कोणीतरी काहीतरी फवारतंय, एवढंच दिसलं."

जाड भिंगांचा चष्मा त्यांच्या गळ्यात लटकत होता. तो त्या दिवशीही तसाच होता का, हे मला आजही आठवत नाही.

दुपारी ऑफिसात जाऊन मी कबूल केलं. तिथल्या माणसाने एक तारेचा ब्रश हातात दिला. दोन तास घासल्यावर डाग फिका झाला आणि संध्याकाळी कागद निघाला.

दसऱ्याला एक पान घेऊन मी आजींच्या दारात गेले. "आमच्याकडे हे सोनं म्हणून देतात," मी म्हणाले. त्यांनी पानाचा वास घेतला, त्यावर बोट घासलं, बोटाला रंग लागला नाही याची खात्री केली आणि मग ते घेतलं. आत या म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आमच्या दाराच्या मुठीला पर्सिमनची पिशवी अडकवलेली होती. चिठ्ठी वगैरे काही नव्हती. मी ती फळं दोनदा धुतली, आधी एक फोड स्वतः खाल्ली आणि मग मुलीला दिली.