राहुकाळातली गाडी

मोटारआत्या प्रवासाला निघायची ती नेमकी राहुकाळात. रोजच्या त्या अशुभ दीड तासात अख्खं तंजावूर पाय उंबऱ्याच्या आत ठेवून बसलेलं असे. "म्हणून तर रस्ता मोकळा मिळतो," ती म्हणायची.

ती वडिलांची थोरली बहीण. पन्नासच्या दशकात यजमान वारले आणि मागे बोटीएवढी लांब अमेरिकन गाडी राहिली. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीने ठरवून टाकलं की गाडी विकावी आणि आत्याने जपमाळ घ्यावी. आत्या गाडी चालवायला शिकली. मग समया ओतणाऱ्या कारागिराकडून गाडीचं टप कापून घेतलं, पावसासाठी लग्नमांडवाचं कापड शिवून घेतलं, डिकीत स्टोव्ह आणि कॉफीचं फिल्टर बसवलं. सीटखाली एक छुपी कळ होती. ती दाबल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे आणि ती आत्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती.

गल्लीतल्या दोन विधवा शेजारणींना मागे बसवून ती रामेश्वरला गेली, कन्याकुमारीला गेली. पापनाशमला रेल्वेचं फाटक बंद असलं की उतरून कॉफी करायची. भोवती माणसं जमत. ड्रायव्हर कुठे आहे, असं कोणी विचारलंच तर म्हणायची, "ड्रायव्हर कॉफी करतोय."

आमच्याकडे लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाला सूट घालून उघड्या गाडीतून मिरवतात. त्याला जानवासम म्हणतात. टप नसलेली गाडी म्हटल्यावर मागण्या आल्याच. आत्याची अट एकच: चालवणार मी. नवऱ्या मुलाच्या पुढ्यात विधवा बसणार हे ऐकून माणसं पान न खाताच उठत.

माझ्या बहिणीच्या लग्नात मात्र व्याही हटून बसले. अमेरिकन गाडीच हवी. ते निवृत्त तहसीलदार; निवृत्ती फक्त कचेरीला मान्य होती. वडील आत्याकडे गेले. "अक्का, किल्ली दे. ड्रायव्हर मी आणलाय. तू घरीच थांब."

"घे की," आत्या म्हणाली.

गाडी सुरू होईना. मुहूर्त टळू नये म्हणून माझ्या चुलत्यांनी ती ढकलायला घेतली. नादस्वराच्या, म्हणजे आमच्याकडच्या लांब सनईच्या, मागे मिरवणूक मुंगीच्याच चालीने जाते, त्यामुळे पहिल्या गल्लीत कोणाला काही कळलं नाही. व्याही तर दुतर्फा नमस्कार करत होते. वळणावरच्या चढाला मात्र चुलत्यांचा दम संपला. नादस्वरवाल्याने तोच राग पुन्हा पहिल्यापासून धरला. तेवढ्यात आत्या पांढऱ्या लुगड्यात चालत आली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "सरक."

"अहो, शुभकार्यात हे असं..." व्याही पुढे झाले.

"राहुकाळ संपलाय. अपशकुन म्हणून आता मी एकटीच उरलेय," आत्या म्हणाली. "नको असेन तर जाते. ढकलायला एक माणूस कमी आहे, तुम्ही या मागे."

व्याह्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलाने गळ्यातला हार सावरला आणि तमिळमध्ये एवढंच म्हणाला, "ओट्टुंगो, अत्तै." चालवा, आत्या.

आत्याने सीटखाली हात घातला.

बहिणीचा संसार चारचौघांसारखा झाला. घरात कोणी शिंकलं तरी व्याही त्या मिरवणुकीला बोल लावत. आत्याच्या गाडीतून जायचं असलं की पुढची सीट मात्र त्यांनाच लागे.

साठचं दशक सरता सरता आत्या गेली. भटजींनी पंचांग पाहिलं आणि घाई केली. "उचला लवकर, राहुकाळ लागेल."

बहिणीच्या नवऱ्याने घड्याळाकडे पाहिलं आणि तो ओट्यावर जाऊन बसला.

"लागू दे," तो म्हणाला. "मग निघू."