कुलुपातला संगणक

धाकट्या मुलीचं नाव घालायला गावच्या शाळेत गेले होते. खिडकीतून संगणक-खोली दिसली. सगळे संगणक फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेले, दाराला कुलूप. "पोरं बिघडवतात, म्हणून बंदच ठेवतो," शिपाई म्हणाला.

माझी भाची रेश्मा याच शाळेत शिकली. संगणक विषयात कायम पहिली. सॉफ्टवेअर, मेमरी, हार्ड डिस्क सगळं तोंडपाठ, आणि माऊसची आकृती तर छापल्यासारखी काढायची. गेल्या महिन्यात तिला भरतीच्या ऑनलाइन परीक्षेला मी शहरात घेऊन गेले. ती रडतच बाहेर आली.

"मावशी, उत्तरं येत होती गं. पण माऊसने पडद्यावरचा तो बाण मला उत्तरावर नेमका नेताच येईना. निम्मा वेळ त्यातच गेला."

"कुणाला तरी विचारायचंस ना!"

"विचारलं तिथल्या सरांना. ते हसले."

आपल्याकडे विद्येचंही देवासारखंच, लांबून दर्शन घ्यायचं आणि घरी जायचं.

मी खिडकीशी उभी असताना शेजारच्या वर्गात बाईंनी विचारलं, "हार्डवेअर म्हणजे काय?"

सगळी मुलं एका सुरात ओरडली, "ज्याला आपण हात लावू शकतो, ते!"

"शाब्बास," बाई म्हणाल्या.