घराचा व्हिडिओ

आईचे गुडघे पार गेले, तेव्हा कारंजातलं घर विकून तिला वाशीमला माझ्याकडे आणायचं ठरलं. आईची अट एकच होती: घेणाऱ्याशी ती स्वतः बोलणार.

त्याला कारण परसातलं रामफळ. माझ्या पाठीवरचा भाऊ पाचवी पुजायच्या आधीच गेला. त्याची नाळ-वार जिथे पुरली होती तिथेच आईने ते रोप लावलं. बाळाचं नाव ठेवलं नव्हतं, फोटो काढला नव्हता. मागे उरलं ते एवढंच.

पूर्वी लोक घर बघायला यायचे, चहा प्यायचे, भिंतींना नावं ठेवून जायचे. आमच्याकडे दलाल एकटाच आला आणि फोनवर व्हिडिओ काढू लागला. "पार्टी पुण्याची हाये, काकू. ते आता फोनवरच पाह्यतात."

आईला वाटलं, पार्टी आत्ताच बघते आहे. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि फोनलाच म्हणाली, "या, बसा. चहा मांडू काय?" मला हसू आवरेना. मग परसात गेल्यावर तिने हात जोडले. "घर पाडा, काईबी करा. पण या रामफळाले हात नोका लावू, बाप्पा. माहं लेकरू हाये तिथं."

माझं हसू विरलं. दलाल म्हणाला, "पोचते, काकू, समदं पोचते."

व्हिडिओ पाहूनच पार्टीने होकार कळवला. खरेदीला पार्टीचा मुखत्यार आला. आम्ही घेणाऱ्याचं तोंडही पाहिलं नाही. आई मात्र निर्धास्त होती.

पुढे एका लग्नासाठी कारंजाला गेलो, तेव्हा तिने हट्टाने तिकडे नेलं. मोकळा, सपाट प्लॉट. रामफळाचा बुंधासुद्धा नव्हता. परतताना एसटीत ती एकच बोलत होती, "हात जोडून सांगतलं होतं वं मी त्याले. माणसाले एवढीबी माया नसावी?"

मी संतापून दलालाला फोन लावला. तो बिचारा गोंधळला. "ताई, जाहिरातीत घरच्याइचं बोलनं ठेवत नाई आमी. आवाज काढून म्युझिक टाकतो." वर त्याने तो व्हिडिओही पाठवला. रामफळाखाली आई हात जोडून उभी आहे, ओठ हलताहेत आणि सनई वाजते आहे. पुण्याच्या माणसाला वाटलं असेल, म्हातारी नमस्कार करते आहे.

आईला मी हे सांगितलेलं नाही. दिवा लावताना ती अजून त्या माणसाला शिव्या घालते. घालू दे. निदान त्याने ऐकलं होतं, असं तिला वाटतं.